मातीतलं औषध अन् मनातली लाज

जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांमध्ये बायका एक तक्रार कानातच सांगतात, "ताई, खाज सुटते, अंगावरून पांढरं जातं." मग घरात उरलेली कुणाची तरी अँटिबायोटिक गोळी घेतात. त्रास बुरशीचा असेल तर ती गोळी बुरशीला आवरणारे चांगले जंतूच मारते अन् त्रास वाढतो!

बुरशीवरचं औषध वेगळं. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी १९६१ च्या सुमारास मातीतल्या जिवाणूपासून असंच एक शोधलं: हॅमायसिन. ते बुरशीच्या पेशीचं आवरणच फोडतं. त्या जिवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, म्हणजे आपल्या पिंपरीचाच!

मैत्रिणींनो, त्रास बुरशीचा की दुसरा, हे तपासणीतूनच कळतं. तेव्हा लाज सोडा, डॉक्टरांना दाखवा.