नेट चालू आहे, पण साइट उघडत नाही? डीएनएस बदलण्याआधी या तीन कमांड टाकून बघा

मोबाईलवर वॉट्सॲपचे मेसेज धडाधड येतायत, पण लॅपटॉपवर एकही साइट उघडत नाही. राउटर बंद करून चालू केला, तरी तेच. मग कुठल्यातरी रीलमध्ये उपाय सापडतो, "सेटिंगमध्ये हे आकडे टाका, नेट रॉकेटसारखं पळेल." आकडे असतात ८.८.८.८ किंवा १.१.१.१. लोक ते टाकतात. कधी साइट उघडते, कधी काहीच फरक पडत नाही, आणि कधी ऑफिसची कालपर्यंत उघडणारी साइटही बंद पडते.

असं का होतं? कारण हे आकडे टाकणं म्हणजे 'यापुढे पत्ता कुणाला विचारायचा' हे ठरवणं. अडचण पत्त्याची असेल तरच त्याचा उपयोग. आणि अडचण पत्त्याची आहे की दुसरीच काही, हे दोन मिनिटांत तपासता येतं. त्यासाठी इंजिनिअर असायची गरज नाही, फक्त त्या काळ्या खिडकीची भीती जायला हवी.

डीएनएस म्हणजे नेमकं काय?

आपण साइटचं नाव टाइप करतो, पण कॉम्प्युटरला नावं कळत नाहीत. त्याला लागतो आकड्यांचा पत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस. नाव घेऊन पत्ता शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डोमेन नेम सिस्टिम, अर्थात डीएनएस.

अनोळखी गावात गेल्यावर आपण चौकातल्या पानटपरीवर पत्ता विचारतो, तसंच हे आहे. टपरीवाला पत्ता सांगतो, पुढे चालत आपल्यालाच जायचं असतं. टपरी बंद असली तर रस्ता मोकळा असूनही आपण अडकतो. आणि टपरीवाल्याने मुद्दाम चुकीचं घर दाखवलं, तर आपण बिनदिक्कत तिथेच जाऊन दार वाजवतो.

इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात सगळ्या कॉम्प्युटरांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असायचे. ती यादी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जायची. कॉम्प्युटर वाढले तशी यादी हाताबाहेर गेली आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. एकच मोठी यादी ठेवण्याऐवजी जबाबदारी वाटून दिली गेली. 'विकिपीडिया डॉट ऑर्ग' हवं असेल, तर तुमचा डीएनएस सर्व्हर आधी सगळ्यात वरच्या रूट सर्व्हरला विचारतो, तो 'डॉट ऑर्ग' सांभाळणाऱ्यांकडे पाठवतो आणि ते विकिपीडियाच्या स्वतःच्या सर्व्हरकडे. मिळालेलं उत्तर काही वेळ साठवून ठेवलं जातं, म्हणजे दर वेळी एवढी पायपीट होत नाही.

तुम्ही काहीच सेटिंग केलं नसेल तर हा पत्ता सांगणारा सर्व्हर सहसा तुमच्या नेट कंपनीचा असतो.

आधी तपासा: तीन कमांड

विंडोजवर स्टार्टमध्ये 'सीएमडी' शोधा, मॅकवर 'टर्मिनल' उघडा. इथे कमांड देवनागरीत लिहिल्या असल्या तरी टाइप करताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी अंकच वापरायचे. या तिन्ही कमांड फक्त माहिती विचारतात. त्यांनी कुठलंही सेटिंग बदलत नाही, त्यामुळे काही बिघडण्याचा प्रश्नच नाही.

पहिली: 'पिंग १.१.१.१'. इथे आपण नाव न वापरता थेट आकड्यांच्या पत्त्यावर हाक मारतोय. उत्तर आलं, तर तुमचं नेट बाहेरपर्यंत पोचतंय. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं, तर गडबड बहुधा वाय-फाय, राउटर किंवा कनेक्शनमध्येच आहे आणि डीएनएस बदलून काहीही होणार नाही. काही ऑफिसांच्या नेटवर्कवर पिंग मुद्दाम बंद ठेवलेलं असतं, तेवढा अपवाद लक्षात ठेवा. मॅकवर पिंग आपणहून थांबत नाही, कंट्रोल आणि सी दाबून थांबवावं लागतं.

दुसरी: 'एनएसलुकअप', एक जागा सोडून साइटचं नाव. एन, एस आणि लुकअप ही अक्षरं सलग लिहायची. उत्तराच्या वरच्या ओळींत तुम्ही सध्या पत्ता कुणाला विचारताय ते दिसतं. तिथे १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा असेल, तर तो बहुतेक तुमचाच राउटर आहे, तो पुढे कंपनीच्या सर्व्हरला विचारतो. खाली साइटचा पत्ता आला, तर डीएनएस ठीक आहे.

तिसरी: तीच कमांड, पण शेवटी एक जागा सोडून १.१.१.१ जोडायचं. याचा अर्थ, "हाच प्रश्न माझ्या नेहमीच्या सर्व्हरऐवजी त्या दुसऱ्याला विचार."

खरा निकाल या दोन उत्तरांच्या तुलनेत लागतो. नेहमीचा सर्व्हर गप्प आणि दुसरा उत्तर देतोय, तर दोष तुमच्या डीएनएस सर्व्हरचा, तो बदलण्यात अर्थ आहे. दोघंही 'नॉन-एक्झिस्टंट डोमेन' म्हणतायत, तर असं नावच नाही, स्पेलिंग तपासा. दोघंही बरोबर पत्ता देतायत आणि तरी साइट उघडत नाही, तर घोळ साइटच्या बाजूला, ब्राउझरमध्ये किंवा मधल्या वाटेवर आहे.

आणि दोघंही 'सर्व्हर फेल्ड' म्हणत असतील तर? तेव्हा ४ ऑक्टोबर २०२१ आठवा.

फेसबुकच जेव्हा गायब झालं

त्या दिवशी भारतीय वेळेनुसार रात्री ९ च्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि वॉट्सॲप एकाच वेळी बंद पडले आणि जवळपास सहा तास बंद राहिले. कंपनीने नंतर दिलेल्या माहितीनुसार, देखभालीच्या कामात दिलेल्या एका कमांडमुळे त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारं जाळंच तुटलं. अशी चुकीची कमांड अडवण्यासाठी ठेवलेल्या यंत्रणेतही दोष होता. डेटा सेंटरशी संपर्क तुटला म्हटल्यावर फेसबुकच्या डीएनएस सर्व्हरांनी 'आपण इथे आहोत' हे बाकी इंटरनेटला सांगणं थांबवलं. त्यामुळे फेसबुकचा पत्ता कुणालाच मिळेना.

त्या रात्री अनेकांनी घरचं डीएनएस बदलून पाहिलं. उपयोग शून्य. पत्ता ज्याच्याकडून मिळायचा तो मूळ मालकच संपर्काबाहेर होता, मग टपरी कुठलीही असो. वरची तिसरी कमांड टाकली असती तर हे एका ओळीत कळलं असतं आणि राउटरची फुकटची झटापट वाचली असती.

बदलायचंच असेल तर

विंडोजवर 'सीएमडी'वर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. आधी 'आयपीकॉन्फिग /ऑल' टाकून सध्याचा डीएनएस सर्व्हर कुठला आहे ते वहीत टिपून ठेवा. मग कमांड अशी:

'नेटएसएच इंटरफेस आयपी सेट डीएनएस "वाय-फाय" स्टॅटिक १.१.१.१'

अवतरणातलं नाव तुमच्या कनेक्शनच्या नावाशी तंतोतंत जुळायला हवं. केबल असेल तर तिथे सहसा 'इथरनेट' असतं. त्यानंतर 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' टाकून साठवलेली जुनी उत्तरं पुसा. मन बदललं तर तीच कमांड पुन्हा टाका, फक्त 'स्टॅटिक' आणि आकड्यांच्या जागी 'डीएचसीपी' लिहा. सर्व्हरचा पत्ता पुन्हा राउटरकडून आपोआप येऊ लागेल.

मॅकवर 'नेटवर्कसेटअप -सेटडीएनएससर्व्हर्स वाय-फाय १.१.१.१ १.०.०.१'. दुसरा आकडा पहिला सर्व्हर बंद पडला तर उपयोगी. पूर्ववत करायला आकड्यांच्या जागी 'एम्प्टी' लिहायचं.

बदल करूनही जुनाच सर्व्हर उत्तर देतोय? दोन कारणं नेहमीची. एक, वरची विंडोजची कमांड फक्त आयपीव्ही४ साठी आहे. तुमच्या कनेक्शनवर आयपीव्ही६ असेल तर त्याचा डीएनएस वेगळा नोंदलेला असतो. दोन, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये डीएनएसचं स्वतःचं सेटिंग असतं. ते चालू असेल तर ब्राउझर सिस्टिमला विचारतच नाही.

ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र हा प्रयोग नको. कंपनीच्या अंतर्गत साइटचे पत्ते कंपनीच्याच डीएनएस सर्व्हरला माहीत असतात. हॉटेलच्या किंवा विमानतळाच्या वाय-फायचं लॉगिन पानही कधीकधी बदललेल्या डीएनएसमुळे उघडत नाही.

पण भरवसा कुणावर ठेवायचा?

पर्याय बरेच आहेत. गुगलने ८.८.८.८ ही सेवा २००९ मध्ये सुरू केली. २०१७ मध्ये आलेली क्वाडनाइन, म्हणजे ९.९.९.९, घातक म्हणून नोंद असलेल्या साइटचा पत्ताच देत नाही. क्लाउडफ्लेअरची १.१.१.१ सेवा २०१८ मध्ये आली. तिचाच १.१.१.३ हा पत्ता घातक साइटसोबत प्रौढांसाठीच्या साइटही गाळतो, त्यामुळे लहान मुलं असलेल्या घरांत तो कामाचा.

सर्व्हर कुणाचाही असो, तुम्ही कुठल्या कुठल्या साइटचे पत्ते विचारता हे त्याला दिसतं. म्हणून अनोळखी व्हिडिओतले किंवा फॉरवर्डमधले भलतेच आकडे टाकणं धोक्याचं.

किती धोक्याचं? 'डीएनएसचेंजर' नावाच्या व्हायरसने नेमकं हेच केलं होतं. तो कॉम्प्युटरमध्ये शिरून गुपचूप डीएनएस सेटिंग बदलायचा आणि लोकांना टोळीच्या सर्व्हरकडे वळवायचा. नाव बरोबर टाइप करूनही माणूस भलत्याच साइटवर पोचायचा आणि जाहिरातींचे पैसे टोळीला मिळायचे. नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयने या प्रकरणात कारवाई जाहीर केली आणि इस्टोनियात सहा जणांना अटक झाली. १०० हून जास्त देशांतले सुमारे ४० लाख कॉम्प्युटर बाधित होते.

पुढची अडचण आणखी विचित्र होती. टोळीचे सर्व्हर बंद केले असते तर या सगळ्या लोकांचं नेट एका क्षणात ठप्प झालं असतं. म्हणून कोर्टाच्या परवानगीने त्याच पत्त्यांवर चांगले सर्व्हर बसवण्यात आले. ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालवले, तोवर लोकांनी आपापले कॉम्प्युटर साफ करावेत म्हणून.

दुसरं उदाहरण तुर्कस्तानचं. मार्च २०१४ मध्ये तिथे ट्विटरवर बंदी आली, तेव्हा लोकांनी भिंतींवर स्प्रेने ८.८.८.८ लिहून एकमेकांना वाट दाखवली. काही दिवस ते चाललं. मग तिथल्या नेट कंपन्यांनी गुगलच्या या पत्त्याकडे जाणारे प्रश्न मध्येच अडवून स्वतःच्या सर्व्हरकडे वळवले. लोकांना वाटत होतं आपण गुगलला विचारतोय, उत्तर मात्र दुसराच देत होता.

हे शक्य झालं, कारण साधा डीएनएस प्रश्न पोस्टकार्डासारखा उघडा जातो. वाटेतला कुणीही तो वाचू शकतो, बदलूही शकतो. त्यावर उतारा म्हणजे एन्क्रिप्टेड डीएनएस. अँड्रॉइड ९ पासून फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' हे सेटिंग आहे, विंडोज ११ मध्येही सोय आहे. त्यात प्रश्न बंद पाकिटातून जातो. सर्व्हरला तो दिसतोच, वाटेतल्यांना दिसत नाही.

मग नेट फास्ट होतं की नाही?

पत्ता थोडा लवकर मिळाला, तर पान उघडायला लागणारा वेळ किंचित कमी होतो. डाउनलोडचा वेग मात्र तुमच्या कनेक्शनवर ठरतो. डीएनएस बदलल्याने तुमचा आयपी ॲड्रेस लपत नाही आणि ते व्हीपीएनचं कामही करत नाही.

बाकी काही लक्षात राहिलं नाही, तरी नुसतं 'एनएसलुकअप' आणि साइटचं नाव अधूनमधून टाकून बघा. वरच्या ओळीत राउटरचा, नेट कंपनीचा किंवा तुम्ही स्वतः निवडलेला सर्व्हर दिसायला हवा. तिथे भलताच कुणी दिसला, तर आधी राउटरचा पासवर्ड बदला आणि कॉम्प्युटर अँटिव्हायरसने तपासून घ्या.