रेषेवरचा पंच हवा कीं नको?

खेळ म्हटला कीं रेषा आली. आणि रेषा आली कीं तिच्यावर नजर ठेवणारा कोणी तरी आलाच. घरांतील मुलें अंगणांत कोळशानें चौकोन आंखून खेळूं लागलीं, तरी घटकेच्या आंत "तुझा पाय रेषेला लागला," "नाहीं लागला" असा तंटा उभा राहतो, आणि ओटीवर बसलेल्या आजोबांस पंच व्हावें लागतें. आजोबांचा चष्मा कितीहि जुना असो, त्यांचा निर्णय मुलें मानतात. कारण आजोबा कोणाच्याच बाजूचे नाहींत अशी त्यांची खात्री असते. पंचगिरीचें पुष्कळसें मर्म या साध्या गोष्टींत आहे. आतां मात्र या माणसाच्या जागीं यंत्रच कां बसवूं नये, असा प्रश्न जगभर निघाला आहे, आणि तो आमच्या पेण-रोह्याच्या मैदानांपर्यंत येऊन पोंचला आहे. म्हणून त्याचा थोडा निवांतपणें विचार करावा असें आम्हांस वाटतें.

परदेशांतील अनुभव

कॅनडा व अमेरिका या देशांत बर्फावरील हॉकी फार लोकप्रिय आहे. तींत चेंडूच्या ऐवजीं रबराची काळी, चपटी चकती असते, व ती इतक्या वेगानें धांवते कीं पुष्कळदां प्रेक्षकांस दिसतच नाहीं. म्हणून जाळ्याच्या मागें एक स्वतंत्र गोलपंच बसविण्याची रीत पडली. त्याचें काम एकच: चकती संपूर्णपणें गोलरेषेपार गेली कीं कळ दाबून लाल दिवा लावावयाचा. तेथील प्रमुख व्यावसायिक लीगनें १९९१ पासून चित्रफितीचा आधार घेण्यास प्रारंभ केला, आणि तेव्हांपासून या गोलपंचाचें महत्त्व उतरणीस लागलें. अंतिम शब्द जर चित्र पाहणाऱ्याचा, तर जाळ्यामागच्या माणसाचें प्रयोजन काय, असें आतां विचारलें जातें.

फुटबॉलचा दाखला तर अधिकच बोलका आहे. २०१० च्या विश्वचषकांत इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डनें जर्मनीविरुद्ध मारलेला चेंडू आडव्या दांडीस लागून रेषेच्या चांगलाच आंत पडला. परंतु तो पंचांस दिसला नाहीं व गोल मिळाला नाहीं. युरोपांत त्या सुमारास गोलाशेजारीं जादा पंच उभे करण्याचा उपाय चालूं होता. पुढें २०१२ च्या युरोपीय स्पर्धेंत युक्रेनचा चेंडू रेषेपार गेला असतां, अवघ्या कांहीं पावलांवर उभ्या असलेल्या अशाच जादा पंचाच्या हातूनहि तो निसटला! त्याच वर्षीं जुलै महिन्यांत गोलरेषेवरील यंत्रास मान्यता मिळाली.

यावरून यंत्राचा पक्ष निर्विवाद ठरला असें कोणी म्हणेल. पण थोडें थांबावें. विंबल्डनच्या टेनिस स्पर्धेनें २०२५ सालीं १४७ वर्षांची परंपरा मोडून सर्व रेषापंचांस निरोप दिला. त्याच वर्षीं एका सामन्यांत मैदानाच्या एका भागावरील यंत्र चुकून बंद राहिलें. चेंडू बाहेर पडलेला दिसत असतां यंत्र मुकेंच, आणि तेथें बोलावयास रेषेवर माणूसहि नाहीं! तें यंत्र ज्याच्या हातून बंद झालें तो मनुष्यच होता. यंत्र आणिलें म्हणजे माणसाची चूक नाहींशी होते असें नाहीं. ती रेषेवरून उठून आंतल्या खोलींत जाऊन बसते, एवढेंच.

आपल्याकडे या नव्या न्यायाची ओळख क्रिकेटनें करून दिली. १९९२ च्या नोव्हेंबरांत दरबान येथील कसोटींत तिसऱ्या पंचानें चित्र पाहून धांवबाद ठरविलेला जगांतील पहिला फलंदाज म्हणजे आपला सचिन तेंडुलकर. तेव्हांपासून दूरदर्शनासमोर बसलेल्या घरोघरच्या मंडळींस आपणहि पंच आहों असें वाटूं लागलें.

आमच्या घरचा खेळ

१९८१ पर्यंत कुलाबा म्हणून ओळखला जाणारा रायगड जिल्हा हा कबड्डीचें माहेरघर होय. भाताची कापणी होऊन खाचरें मोकळीं झालीं कीं पेण तालुक्यांतील आगरी-कोळी वस्त्यांत, रोह्याकडे कुंडलिकेच्या कांठच्या गांवांत, मैदानें आंखलीं जातात. फक्कीनें रेषा ओढावयाच्या, खांबांवर दिवे चढवावयाचे, आणि रात्रीं उशीरापर्यंत सामने चालावयाचे. पेणचें नांव गणेशमूर्तींसाठीं सर्वत्र घेतलें जातें आणि रोह्याचें नांव कोंकण रेल्वेच्या आरंभस्थानासाठीं. पण या दोन्ही तालुक्यांतील तरुणांस विचारल्यास ते आधीं आपल्या गांवच्या कबड्डीसंघाचें नांव सांगतील.

हा खेळ जुन्या पिढीस हुतूतू म्हणून परिचित आहे. त्याच्या नियमांस व्यवस्थित रूप देण्याचें काम महाराष्ट्रांतच प्रथम झालें. १९२३ सालीं बडोद्यास हिंदविजय जिमखान्यानें अखिल भारतीय सामने भरविले. १९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें बर्लिन येथें प्रात्यक्षिक दाखविलें. १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धेंत या खेळास पदकाचें स्थान मिळालें. ज्यांनीं या खेळासाठीं आयुष्य वेंचलें त्या बुवा साळवी यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रांत कबड्डीदिन म्हणून पाळतात. २०१४ पासून व्यावसायिक लीग सुरू झाली, आणि मातींतला हा खेळ मॅटवर, दिव्यांच्या झगमगाटांत व अनेक कॅमेऱ्यांच्या पहाऱ्यांत आला. तेथें संघास निर्णयाविरुद्ध दाद मागतां येते, व पडद्यासमोर बसलेला पंच चित्र उलटसुलट फिरवून निकाल देतो.

आतां या खेळांतील रेषा किती, तें पाहा. पुरुषांचें मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद. मधोमध मध्यरेषा, तिच्यापासून ३.७५ मीटरांवर निदानरेषा. तिच्या पुढें १ मीटरावर बोनसरेषा. टोंकांस अंतिम रेषा. आणि दोन्ही बाजूंस १ मीटर रुंदीचें राखीव क्षेत्र, जें झटापट सुरू होईपर्यंत मैदानाबाहेरचें व झटापट सुरू होतांच मैदानांतलें! एवढ्या पसाऱ्यावर नजर ठेवण्यास एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक व दोन सहायक गुणलेखक. चढाई ३० सेकंदांची. तेवढ्यांत दम, स्पर्श, पाऊल आणि पकड हें सारें पाहावयाचें.

डोळा व कॅमेरा

कॅमेऱ्याचा उपयोग नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. चढाईपटूनें पुढचें पाऊल बोनसरेषेपार टाकलें तेव्हां मागचा पाय हवेंत होता कीं नव्हता, हें एकाच डोळ्यानें एकाच क्षणीं दोन ठिकाणीं पाहणें फार कठीण. तेथें संथगतीचें चित्र पंचास खरोखर साह्य करतें.

परंतु चित्रासहि मर्यादा आहेत. सामान्य चित्रफितींत एका सेकंदास २५ चित्रें असतात. खेळाडूचा पाय सेकंदास ५ मीटर वेगानें फिरला असें धरलें, तर दोन चित्रांच्या दरम्यान तो २० सेंटिमीटर सरकतो, आणि वादाचा नेमका क्षण त्या दोहोंच्या मध्यें निसटून जातो. शिवाय कॅमेरा रेषेच्या अगदीं सरळींत नसेल, तर हवेंतलें पाऊल प्रत्यक्षांत असतें त्याहून पुढें किंवा मागें दिसतें. गांवच्या सामन्यांत कोपऱ्यांत बसलेला प्रेक्षक मोबाइलवर टिपलेलें चित्र घेऊन "हा पाहा पुरावा" म्हणून धांवत येतो, तेव्हां हा दृष्टिभेद त्याच्या ध्यानांतहि नसतो.

स्पर्शाचें तर विचारूंच नये. नियमाप्रमाणें कपड्याचा वा बुटाचा स्पर्शहि स्पर्शच; पण जर्सीचें टोंक बोटास लागलें कीं नुसतें जवळून गेलें, हें चित्रांत पुष्कळदां उमगत नाहीं. आणि चौघांपांचजणांच्या ढिगाऱ्याखालीं दडपलेला चढाईपटू मध्यरेषेकडे हात लांबवितो, तेव्हां वरचा कॅमेरा केवळ पाठी दाखवितो. त्या वेळीं जमिनीशीं वांकून, रेषेच्या सरळींत डोळा लावणारा पंचच बोटाचें टोंक पाहूं शकतो. शिवाय चढाईपटूचा दम चालूं आहे कीं तुटला, हें कानानेंच ओळखावें लागतें.

चित्र होतें, तरी निकाल कोठें?

याहून महत्त्वाचा धडा २०२३ च्या ऑक्टोबरांत चीनमधील हांगझौ येथें मिळाला. आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत भारत व इराण २८-२८ असे बरोबरींत होते; वेळ संपत आली होती. भारताचा पवन सेहरावत चढाईस गेला, कोणासहि स्पर्श न होतां राखीव क्षेत्रांत गेला, आणि त्याच्या मागोमाग इराणचे बचावपटूहि तेथें शिरले. काय घडलें याविषयीं चित्रांत फारशी शंका नव्हती. शंका होती ती नियमाची! एका नियमान्वयें केवळ चढाईपटू बाद. दुसऱ्या नियमान्वयें त्याच्या मागें गेलेले बचावपटूहि बाद. निर्णय एकदां इकडे, एकदां तिकडे फिरला. खेळाडू मैदानांत ठाण मांडून बसले. सामना बराच वेळ खोळंबला. शेवटीं भारत ३३-२९ असा जिंकला, पण विजयाची गोडी त्या घोळानें उणावली. कॅमेरा "काय घडलें" तें सांगूं शकतो. "त्याचा अर्थ काय" हें सांगण्यास नियम जाणणारा व ठामपणें बोलणारा माणूसच लागतो.

एका गुणाचें मोल

"एवढें काय, एक गुण इकडचा तिकडे!" असें म्हणून कित्येक सुशिक्षित मंडळी हा विषय हंसण्यावारीं नेतील. पण गांवच्या मैदानावर चमकलेला मुलगा जिल्ह्याच्या संघांत जातो, तेथून राज्यस्पर्धेंत व पुढें राष्ट्रीय स्पर्धेंत. महाराष्ट्रांत शासकीय नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठीं ५ टक्के जागा राखून ठेवलेल्या आहेत. पोलीस व रेल्वे यांसारख्या खात्यांचे स्वतःचे संघ असतात. शेतावर वा मिठागरावर राबणाऱ्या घरांतील मुलास ही वाट म्हणजे साऱ्या कुटुंबाची भाकरी होय. निवडीच्या सामन्यांतील एक चुकीचा निर्णय त्या भाकरीवर पडूं शकतो. म्हणूनच पंचाचें अज्ञान अगर पक्षपात ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. आणि लीगमधील कॅमेऱ्यांचा ताफा गांवोगांवच्या खाचरांत केव्हां येईल ही वाट पाहात बसणें हाहि व्यवहार नव्हे. शिवाय पडद्यासमोर बसणारा पंच तरी कोठून यावयाचा? ज्यानें मातींतल्या रेषेवर वर्षानुवर्षें डोळा तयार केला, तोच पडद्यावरचें चित्र वाचूं शकेल. खालची पायरी काढून टाकली तर वरची कशावर उभी राहणार?

तेव्हां आमचें मत असें. रेषेवरचा पंच हवाच. साधनें असतील तेथें यंत्रानें त्यास साह्य करावें, त्याची जागा घेऊं नये. पाऊल कोठें पडलें यापुरती चित्राची साक्ष घ्यावी, आणि तीहि आयोजकांनीं योग्य जागीं बसविलेल्या कॅमेऱ्याची. प्रेक्षकांच्या मोबाइलची नव्हे. सामन्यापूर्वीं दोन्ही कर्णधारांस वादाचे नियम वाचून दाखवावे, म्हणजे हांगझौचा घोळ रोह्यास होणार नाहीं. ज्या गांवांत बक्षिसांवर हजारों रुपये खर्च होतात, तेथें पंचांस योग्य मानधन व परगांवचा तटस्थ पंच आणण्याचा खर्च हीं ओझें मानूं नयेत.

आणि वाचकांपाशींहि एक मागणें आहे. आमच्या घरांतील मुलेंमुली परीक्षांवर परीक्षा देतात. त्यांत कबड्डीची पंचपरीक्षा देणारीं किती? नियम बारकाईनें वाचणें, शब्दाचा अर्थ लावणें, दोन्ही पक्ष ऐकून निर्भीडपणें बोलणें, हे गुण आपल्या घरांतून जोपासले जातात अशी आपली समजूत आहे. ते गुण मैदानास हवे आहेत. ज्यांस स्वतः चढाई करतां येत नाहीं, त्यांसहि शिटी हातीं घेऊन खेळाची सेवा करतां येईल. मुलींनीं तर या कामीं अवश्य पुढें यावें. मुलींचे सामने आतां गांवोगांव होतात, व तेथें स्त्रीपंचांची उणीव जाणवते. येत्या हिवाळ्यांत पेण-रोह्याकडील एखाद्या सामन्यास सहकुटुंब जावें, आणि टाळ्या वाजवितांना एकदां तरी रेषेवर वांकून उभ्या असलेल्या त्या पंचाकडेहि पाहावें.