हवेतल्या दाराला कडी

बिडकीनच्या आमच्या गल्लीत घरं एकमेकांना खेटून आहेत. शेजारच्या फोडणीचा वास जसा भिंत ओलांडून आपल्या घरात येतो, तसंच वाय-फायचंही आहे. त्याला भिंत अडवते, पण पुरती नाही. ही साधी गोष्ट लक्षात यायला मला दोन वर्षं लागली.

झालं असं, की संध्याकाळी सात वाजले की नातीचा ऑनलाइन क्लास अडखळायचा. शेवटी एका रविवारी तिला शेजारी बसवलं आणि राउटरचं सेटिंगचं पान उघडलं. त्याचा पत्ता राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर असतो. पाहतो तर काय, घरात उपकरणं पाच आणि यादीत अकरा! पासवर्ड कधीतरी एकाला सांगितला होता, तो गल्लीभर फिरला होता. त्याहून वाईट म्हणजे, राउटरचा स्वतःचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता. हे दोन पासवर्ड वेगळे बरं का! एक घरात येण्याचा, दुसरा घराची कुलपंच बदलण्याचा.

कुणी म्हणेल, वापरलं शेजाऱ्यानं थोडं नेट, बिघडलं काय? २६ जुलै २००८ ची गोष्ट आठवा. अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं धमकीचा ई-मेल गेला होता. माग काढत पोलीस पोहोचले ते नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या घरी. त्याच्या उघड्या वाय-फायचा दुसऱ्याच कुणी वापर केला होता. चौकशीला मात्र त्याला सामोरं जावं लागलं. बाहेरून पाहणाऱ्याला घरातलं प्रत्येक कनेक्शन एकाच पत्त्याचं दिसतं, आणि तो पत्ता आपला असतो.

म्हणून पहिलं काम कुलपाचं. सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए-३ असेल तर ते निवडा, नसेल तर डब्ल्यूपीए-२. जुनं डब्ल्यूईपी म्हणजे सुतळीनं बांधलेलं फाटक. बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून जोडणारी डब्ल्यूपीएस सोय बंद करा. तिची पिन फार तर अकरा हजार प्रयत्नांत सापडते, हे २०११ मध्येच उघड झालं. पाहुण्यांसाठी ‘गेस्ट’ नेटवर्क वेगळं ठेवा. नेटवर्कचं नाव लपवून मात्र काही साधत नाही. पाटी काढली म्हणून घर अदृश्य होत नाही.

दुसरं काम चॅनेलचं. रात्री रेडिओच्या मीडियम वेव्हवर दोन केंद्रं एकमेकांत मिसळतात, ते आपण ऐकलेलं आहे. वाय-फाय हाही रेडिओच. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा आपल्याकडे २००५ मध्ये कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला. त्यात चॅनेल तेरा, पण दोन चॅनेलमधलं अंतर पाच मेगाहर्ट्‌झ आणि एका चॅनेलला जागा लागते वीसेक. म्हणजे एकमेकांना धक्का न लावणारी खरी तीनच: १, ६ आणि ११. आमच्या गल्लीत बहुतेकांचे राउटर ६ वर होते. मी १ वर गेलो. चॅनेलची रुंदी ४० ची २० केली. ३ किंवा ४ वर जाऊ नका. एकाच चॅनेलवरचे राउटर निदान पाळीपाळीनं बोलतात. अधलंमधलं चॅनेल घेतलं, तर दोन्हीकडचा गोंगाट कानावर येतो. राउटरजवळ बसून काम असेल, तर ५ गिगाहर्ट्‌झ वापरा. वेग जास्त, पण भिंतीपुढे ते लवकर दमतं.

‘ट्रान्समिट पॉवर’ वाढवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पण लाऊडस्पीकरवरून हाक मारली, तरी लांबच्या माणसाचं उत्तर आपल्याला ऐकू आलं पाहिजे ना? मोबाइलचा आवाज तेवढाच राहतो. त्यापेक्षा राउटर लोखंडी कपाटामागून काढून घराच्या मध्यावर, उंच जागी ठेवा. बीकन इंटरव्हल, आरटीएस थ्रेशोल्ड अशी नावं दिसतील. ती आहेत तशीच राहू द्या.

एवढं करायला आम्हाला अर्धा तास लागला. आता यादीत पाचच नावं आहेत आणि नातीचा क्लास सुरळीत चालतो. शेजारच्या मुलाला परीक्षेचा फॉर्म भरायचा होता, त्याला गेस्टचा पासवर्ड दिला. काम झाल्यावर तो बदलला. शेजारधर्म पाळावाच, पण रात्री दाराला कडी घालून झोपावं, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी कधीच सांगून ठेवलं आहे.