संसाराचा हिशेब (भाग 7) : एक कोयता, दोन माणसं

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावात ‘यंदा किती कोयते?’ असा प्रश्न कानावर पडला, तर तो हत्याराबद्दल नसतो. मुकादमाच्या टोळीत नवरा-बायकोच्या किती जोड्या जमल्या, एवढंच विचारणाऱ्याला हवं असतं. ऊसतोडीच्या धंद्यात एक जोडपं म्हणजे एक कोयता. एकटा पुरुष आला तर अर्धा कोयता, एकटी बाई आली तरी अर्धाच. लग्नाची इतकी कोरडी आणि इतकी नेमकी व्याख्या समाजशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाही.

गेल्या आठवड्यात रखमाबाईंचा खटला पाहिला. नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात बसा, असं 1887 साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना बजावलं होतं. तिथे वाद नांदण्याचा होता. उसाच्या फडात बायको नांदतेच, शिवाय राबतेही. तिच्या राबण्याची नोंद कुठे होते, एवढाच प्रश्न उरतो.

बालाघाटाच्या डोंगररांगेतले शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, केज, धारूर, वडवणी हे तालुके पर्जन्यछायेत येतात. जमीन हलकी, पाण्याचा भरवसा नाही. खरिपाचं जे हाती लागेल ते घरात टाकून इथली लाखो माणसं पाच-सहा महिन्यांसाठी गाव सोडतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे जातं, कुणी सोलापूर-पुण्याकडे, कुणी थेट बेळगावच्या कारखान्यांवर. गावात म्हातारी माणसं उरतात आणि त्यांच्या ओटीत घातलेली शाळकरी पोरं.

निघण्याआधी ‘उचल’ झालेली असते. कारखाना वाहतूकदाराला आणि मुकादमाला पैसे देतो, मुकादम ते कोयत्यामागे वाटतो. अलीकडे एका जोडीची उचल लाखाच्या घरात जाते. त्यातून आधीचं देणं फिटतं, कुणाचं आजारपण निघतं, एखाद्या घराचा पत्रा बदलतो. ही रक्कम नवऱ्याच्या हातात पडते. अंगठा त्याचा, सही त्याची, वहीत नावही त्याचंच. ती फेडायची मात्र दोघांच्या अंगाने. हंगाम संपला, म्हणजे त्यांच्या बोलीत ‘पट्टा पडला’, आणि उचल फिटली नसली, तर राहिलेली बाकी पुढच्या सालावर चढते. पुढच्या साली कुठे जायचं, हे मग ती बाकीच ठरवते.

फडावरचा दिवस पहाटे साडेतीन-चारला सुरू होतो, आणि तो आधी बाईचा सुरू होतो. कोपीबाहेर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीबाहेर, तीन दगडांची चूल, भाकरी, लांबून आणलेलं पाणी, सोबत आणलेल्या तान्ह्याची झोळी. उजाडायच्या आत दोघं फडात उतरतात. बहुतेक ठिकाणी नवरा ऊस बुडातून तोडतो आणि शेंडा उडवतो. बायको पाचट काढते, ऊस गोळा करते, मोळी बांधते. ही विभागणी काही दगडावरची रेघ नव्हे. बायकाही सपासप कोयता चालवतात, आणि नवरा दमला की तोडणीचं काम तिच्याकडे येतं. उलट मात्र क्वचितच घडतं. बाई दमली म्हणून नवऱ्याने चूल पेटवली, असं सहसा दिसत नाही.

टोळ्यांचेही प्रकार आहेत. बैलगाडीने ऊस कारखान्यावर नेणाऱ्यांची ‘गाडी सेंटर’, आणि तोडलेला ऊस डोक्यावरून ट्रकमध्ये चढवणाऱ्यांची ‘डोकी सेंटर’. या दुसऱ्या नावात कामाचं सगळं वर्णन आलं. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घ्यायची आणि अरुंद फळीवरून तोल सांभाळत वर चढायचं. ट्रक रात्री दहाला आला तर रात्री दहाला, दोनला आला तर दोनला. या चढण्यात बाई-पुरुष असा भेद नाही. पोटुशी बाईसुद्धा त्या फळीवर दिसते.

आता मजुरीचं गणित मांडू. जानेवारी 2024 मध्ये साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्यात करार झाला. तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली आणि टनाला 273 रुपयांचा दर 366 रुपयांच्या आसपास गेला. एक जोडी दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडते. म्हणजे सव्वासातशे-साडेसातशे रुपये, दोन माणसांचे, पहाटेपासून रात्रीपर्यंतचे. त्यातून उचल वळती होते. उसाचे शेंडे, म्हणजे वाढे, चाऱ्यासाठी विकून चार रोख पैसे येतात आणि मीठ-मिरचीचा बाजार भागतो. बाईच्या हाताला लागलाच तर एवढाच काय तो पैसा.

इथे कायद्याची मोठी गंमत होते. स्त्री-पुरुषांना एकाच कामाला एकच मोबदला द्यावा, असं 1976 च्या समान वेतन कायद्याने सांगितलं. पण फडात तुलना करायची कशाशी? नवऱ्याला अमुक आणि बायकोला तमुक असं काही नाहीच, दर टनाचा आणि टन जोडीचा. बाईला कमी पगार मिळतो म्हणून तक्रार करायची, तर ‘तिला पगार आहे कुठे?’ हे उत्तर तयार असतं. असमानता इतकी पूर्ण झाली आहे की ती कागदावर दिसतच नाही.

यात नवऱ्याला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण ते पुरेसं नाही. मुकादमाच्या शिव्या तोच खातो, उचल बुडवून पळाल्याच्या संशयावरून मारही तोच खातो, आणि कर्ज त्याच्याच नावावर असतं. कुटुंबप्रमुख म्हणून त्याला मिळालेला मान हा बराचसा जामीनदाराचा मान आहे. तरीही दोघांत फरक राहतोच. संध्याकाळी फडावरून परतल्यावर त्याचा दिवस संपतो, तिची दुसरी पाळी सुरू होते.

जोडीने काम असल्याने ‘खाडा’ही जोडीचा पडतो. एकाने दांडी मारली की कोयता मोडला, आणि दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत दंड उचलीत चढवल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत. बाईच्या शरीराला तर महिन्याचे चार दिवस चुकत नाहीत. फडात आडोसा नाही, संडास नाही, धुवायला पाणी नाही. अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं, जंतुसंसर्ग ही दुखणी मग जडतात. गावाकडच्या खासगी दवाखान्यात गेलं की ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला मिळायचा, कर्करोगाची भीतीही घातली जायची. पिशवी म्हणजे गर्भाशय.

हे प्रकरण एप्रिल 2019 मध्ये वृत्तपत्रांतून देशापुढे आलं. बीड जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत 4,605 गर्भाशयं काढली गेली, अशी माहिती त्याच वर्षी विधिमंडळात देण्यात आली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. या निमित्ताने जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली होती, म्हणजे सहांमागे एकीचं. देशभरात 15 ते 49 वयोगटातल्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 3.2 टक्के होतं. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे आकड्याला आकडा लावताना जपून लावावा. पण एवढी तफावत पद्धतीच्या फरकाने झाकली जात नाही. शस्त्रक्रियेचा खर्चही पुन्हा उचलीतून, आणि टाके पुरते भरण्याआधी बाई पुन्हा फडात.

कोयत्याच्या या हिशेबाचा दुसरा धागा लग्नाच्या वयाला जाऊन भिडतो. घरात अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा असेल तर तो अर्धा कोयता. त्याचं लग्न लावलं की पूर्ण कोयता, म्हणजे उचल जवळपास दुप्पट. मुलीच्या बापापुढे वेगळा पेच असतो. तेरा-चौदा वर्षांची पोर गावात एकटी ठेवायची कुणाच्या भरवशावर, आणि कोपीत आणली तर रात्री-अपरात्री ट्रक भरायला गेल्यावर तिच्याजवळ थांबायचं कुणी? सर्वांत स्वस्त उत्तर म्हणजे लग्न. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार बीडमध्ये 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 43.7 टक्के जणींची लग्नं अठराव्या वर्षाआधी झालेली होती. राज्याचं प्रमाण 21.9 टक्के, बीडचं त्याच्या दुप्पट. याला निव्वळ ‘मागासलेपण’ म्हणणाऱ्यांनी एकदा मुकादमाची वही उघडून पाहावी. तिथे सून ही सरळसरळ भांडवल आहे.

नवरा वारला तर हेच गणित उलटं फिरतं. विधवा बाई तोडणीत कितीही तरबेज असली तरी वहीत ती अर्धी होते. मग भाऊ, दीर किंवा हाताशी आलेला पोरगा जोडीला घेऊन तिला कोयता पुरा करावा लागतो.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झालं आहे आणि कामगारांना ओळखपत्रं देण्याचं कामही सुरू झालं. दरम्यान फडांत तोडणी यंत्रंही उतरू लागली आहेत, आणि त्यांना जोडी लागत नाही. महिला शेतकऱ्यांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांची मागणी साधी आहे: बाईची नोंद स्वतंत्र कामगार म्हणून करा, तिची मजुरी तिच्या खात्यावर जमा करा. यासाठी नवं तंत्रज्ञान लागत नाही. मुकादमाच्या वहीत एका ओळीच्या जागी दोन ओळी लागतात.

(पुढील भागात : 1986 च्या चांदवड अधिवेशनानंतर शेतकरी नवऱ्यांनी आपल्या जमिनी बायकांच्या नावावर केल्या, त्या लक्ष्मीमुक्तीची हकिगत.)