जपानला निघालात? सायकलचे नियम आधी वाचा

डबलसीट आणि वर एका हातात मोबाइल, अशी सायकल आपल्या बोरी बुद्रुकच्या रस्त्यावर कुणाला फारशी खटकत नाही. टोकियोत ती महागात पडते. जुन्नर-आंबेगावातून शिकायला, नोकरीला जपानची तयारी करणाऱ्या पोरांनी हे जरूर वाचावं.

सायकल घेतली की पहिलं काम नोंदणीचं. दुकानदारच ती करून देतो आणि फ्रेमवर नंबरचं छोटं स्टिकर चिकटवतो. खरी अडचण जुन्या सायकलची. मायदेशी परतणारा मित्र ती देऊन जातो, नाव मात्र त्याचंच राहतं. रात्री पोलिसांनी थांबवून नंबर तपासला, तर सायकल चोरीची नाही हे मोडक्यातोडक्या जपानीत पटवताना घाम फुटतो. नाव बदलून घ्याच! रेसिडेन्स कार्डही कायम खिशात हवं.

स्टेशनबाहेर कुठेही लावलेली सायकल उचलून नेतात, पैसे भरून सोडवावी लागते. टोकियोत एप्रिल 2020 पासून सायकलचा विमा सक्तीचा आहे. 1 एप्रिल 2026 पासून 16 वर्षं पूर्ण झालेल्या सायकलस्वाराला थेट दंडाची पावती मिळते. चालवताना हातात मोबाइल दिसला तर 12,000 येन. पावसात एका हाताने छत्री धरणंही चालत नाही, त्यामुळे चांगला रेनकोट इथूनच न्या.

डावीकडून चालवायची सवय तेवढी तिथेही कामाला येते. बाकी अडलंच, तर टोकियोच्या निशी-कासाई भागात मराठी कुटुंबं आहेत. विचारायला बिलकूल लाजू नका.