१२३४५६७८९८७६५४३२१ (संख्या)

१२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी विषम नैसर्गिक संख्या असून ती १११११११११ (नऊ वेळा १) या संख्येचा वर्ग आहे. डावीकडून वाचली काय किंवा उजवीकडून, ती तीच राहते. १, १२१, १२३२१... या वर्गसंख्यांच्या मालिकेतील ही नववी संख्या होय. गणिती द. रा. कापरेकर यांनी अभ्यासलेल्या डेम्लो संख्यांपैकी हीच मालिका सर्वांत परिचित आहे.

नाव

डहाणू येथे जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) देवळालीत शालेय शिक्षक होते. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर, तत्कालीन जी. आय. पी. रेल्वेच्या डेम्लो (आजचे डोंबिवली) स्थानकावर त्यांना या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून हे नाव. त्यांवरील त्यांचा लेख १९३८ मध्ये ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात आला. पुढे ६१७४ या स्थिरांकाची कीर्ती जगभर झाली आणि डेम्लो संख्या काहीशा मागे पडल्या.

रचनेचे कारण

१११११११११ ला त्याच संख्येने पाटीवरच्या पद्धतीने गुणल्यास नऊ ओळी मिळतात. प्रत्येक ओळीत तेच नऊ एक असतात, मात्र ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे सरकलेली असते. त्यामुळे उभ्या रकान्यांतील एकांची संख्या उजवीकडून १, २, ३ अशी वाढत मधोमध ९ होते व तशीच उतरते. कोणत्याही रकान्याची बेरीज ९ च्या पुढे जात नसल्याने हातचा येत नाही. रकान्यांच्या बेरजा हेच उत्तराचे अंक ठरतात.

दहा एक घेताच मधली बेरीज १० होते. हातचा शेजारच्या ९ चेही १० करतो आणि वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ असा येतो. चढत्या भागातील ८ नाहीसा होतो, उलटसुलट सारखेपणाही जातो. अंकगमत म्हणून ही मालिका सांगताना हा दहावा टप्पा गाळू नये. नऊ उदाहरणे जुळली म्हणजे नियम सिद्ध होत नाही. शिवाय ही मर्यादा लेखनपद्धतीची आहे. अष्टमान पद्धतीत हीच रचना सात एकांपर्यंतच टिकते.

अवयव आणि विभाज्यता

मूळ अवयव मात्र लेखनपद्धतीवर अवलंबून नसतात. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. म्हणून तिच्या वर्गात ३ चार वेळा, तर ३७ व ३३३६६७ प्रत्येकी दोन वेळा येतात. एकूण विभाजक (४+१) × (२+१) × (२+१) = ४५.

या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग. स्वतःच्या अंकबेरजेने विभाज्य असलेल्या संख्यांना कापरेकरांनीच ‘हर्षद’ हे नाव दिले. ३३३६६७ चेही एक वैशिष्ट्य आहे: १ ला तिने भागल्यास ०.०००००२९९७ ०००००२९९७... असा नऊ अंकी आवर्तनाचा दशांश मिळतो, आणि आवर्तन बरोबर नऊ अंकांचे असणारी ही एकमेव मूळ संख्या आहे.