चर्चचा कागद आणि कोर्टाचा कागद

वसईकडच्या आमच्या एका ख्रिस्ती सहशिक्षिकेने परवा मधल्या सुट्टीत एक प्रश्न टाकला. तिच्या मावसबहिणीचा विवाह चर्चच्या न्यायासनाने रद्दबातल ठरवला होता. सही-शिक्क्याचा कागद हाती होता, दुसरे लग्न ठरत होते. घरचे म्हणत होते, "चर्चने मोकळे केले, मग आणखी कोर्ट कशाला?" आम्ही वकील नव्हे, उर्दू-मराठी शिकवणारे. पण दचकलो, कारण हाच प्रश्न मोहल्ल्यात 'खुला'च्या कागदाबद्दल आम्ही कितीदा तरी ऐकला आहे.

आपल्याकडे निकाह हा करार. म्हणून तलाक, खुला, फस्ख असे दरवाजे शरियतने ठेवले. कॅथलिक पंथात विवाह हा संस्कार. दोघांच्या हयातीत तो तुटत नाही. चर्चचे न्यायासन घटस्फोट देत नाही, तर हा विवाह मुळात झालाच होता का, एवढेच तपासते. संमती जबरदस्तीची होती का? फसवणूक झाली? संसाराची जबाबदारी पेलण्याची मानसिक कुवत होती का? गंमत अशी की, विवाह वैधच आहे ही बाजू मांडायला तिथे एक स्वतंत्र अधिकारी नेमलेला असतो. नवरा-बायको दोघांना सुटायची घाई असली तरी नात्याच्या बाजूने बोलणारा कुणीतरी हवा! आम्हांला ही योजना फार आवडली. पूर्वी तर दोन न्यायासनांचे एकमत लागे. ती अट पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये काढली.

एवढी काटेकोर छाननी होऊनही देशाचा कायदा या निकालाला विवाहविच्छेद मानत नाही. केरळमधील एका स्त्रीचा पहिला विवाह चर्चने रद्द ठरवला, तिने दुसरा केला. पुढे दुसरा नवराच कोर्टात गेला: हिचा पहिला नवरा हयात आहे, म्हणून आमचे लग्नच निरर्थक! १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचे म्हणणे उचलून धरले. १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली दिवाणी न्यायालयाचा हुकूम नसेल तर पहिला विवाह कायम, असे ठरले. चूक कुणाची असो, उघड्यावर पडली ती बाई.

चर्चच्या निकालांना मान्यता मिळावी म्हणून पुढे जनहित याचिका झाली. मुसलमानांचा तलाक कोर्ट मानते, मग आमचा धर्मकायदा का नाही, असा त्यात एक मुद्दा होता. जानेवारी २०१७ मध्ये ती फेटाळली गेली, आणि त्याच ऑगस्टमध्ये एका दमातला तिहेरी तलाकही रद्द झाला. उदाहरण देणाऱ्यांचे उदाहरणच गेले.

गोव्यात मात्र निराळे. तिथे १९४६ च्या पोर्तुगीज हुकुमान्वये चर्चने दिलेला निकाल उच्च न्यायालयामार्फत दिवाणी दप्तरी लागू होऊ शकतो. मांडवीकाठी चालते ते वसईत चालत नाही.

आता आपल्या घरात डोकावू. दारुल कझा बेकायदा नाही, पण तिचा निकाल कुणावर बंधनकारकही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच सांगितले आहे. खुलाबाबत केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कोर्टाबाहेरचा खुला ग्राह्य धरला. मद्रासने २०२३ मध्ये शरियत कौन्सिलचे प्रमाणपत्र अमान्य केले आणि बाईने कौटुंबिक न्यायालयात जावे असे सांगितले. अशा वेळी लेकीला नुसत्या कागदावर पुन्हा बोहल्यावर चढवायचे धाडस आम्ही तरी करणार नाही. काझीसाहेबांचा कागद जरूर जपावा, त्याने दिलाला तसल्ली मिळते. पण कौटुंबिक न्यायालयातून वैवाहिक स्थितीची घोषणाही करून घ्यावी. खर्च होतो, फेऱ्या पडतात, खरे आहे. पुढे मुलांच्या वारसाहक्कावर कुणी बोट ठेवले तर त्याहून जास्त पडतात.

सहशिक्षिकेच्या बहिणीचे मात्र थोडक्यात निभावले. २००१ पूर्वी ख्रिस्ती बायकोला नवऱ्याच्या नुसत्या व्यभिचारावर घटस्फोट मिळत नसे, जोडीला क्रूरता किंवा परित्याग सिद्ध करावा लागे. नवऱ्याला मात्र व्यभिचार पुरे होई. त्या वर्षीच्या दुरुस्तीने हा भेद गेला आणि परस्परसंमतीची वाटही खुली झाली. पहिला नवरा सही करायला तयार आहे. वकिलाने अर्ज तयार केला आहे, आणि नाताळानंतरच्या लग्नासाठी ठरवलेला हॉल त्यांनी तूर्त सोडून दिला आहे.